दिरेकचा गंभीर सिनेमा

हर्मिन्यो दिमाकुलांगानने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गंभीर व्हायचं ठरवलं आणि तसं त्याने सकाळी सात वाजता, आलं घातलेल्या भाताच्या पेजेसमोर बसून, बायकोला सांगून टाकलं. फेलीने भांड्यातली पेज ढवळता ढवळता विचारलं, "किती दिवस?"

फेली तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिचा प्रश्न टोमणा नव्हता, तिला खरोखरच आकडा हवा होता.

खाडीकाठच्या मालाबोन गावात हर्मिन्योला सगळे 'दिरेक' म्हणत, म्हणजे डायरेक्टर. घरचे आणि म्हातारी माणसं तेवढी 'मिन्यो' म्हणत. तेवीस सिनेमे त्याने केले होते आणि तेवीसच्या तेवीस विनोदी. त्यांत माणसं पिठाच्या पिंपात पडायची, चुकीच्या लग्नात जेवून यायची, सासूला भूत समजून पळायची आणि भुताला सासू समजून पाया पडायची. पडण्याच्या बाबतीत तर मिन्योचा अभ्यास दांडगा होता. तो सांगे, "माणूस घसरला की कुणी हसत नाही. घसरल्यावर तो उठून कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो ना, तिथे लोक हसतात." हे तो नटांना सांगे, मासळीवालीला सांगे आणि दात काढायला गेला असता तोंडात कापूस असताना डेंटिस्टलाही सांगे.

एवढं असून वर्तमानपत्रवाले त्याच्याबद्दल लिहिताना एकच शब्द वापरत: लोकप्रिय. हा शब्द मिन्योला शिवीसारखा लागायचा. रडवणाऱ्या दिग्दर्शकांना 'समर्थ', 'संवेदनशील' वगैरे विशेषणं मिळत. वास्तविक कांदासुद्धा माणसाला रडवतो, पण कांद्याला आजवर कुणी हसवताना पाहिलं आहे का, असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता, पण पुरस्कार देणारे मुद्दे ऐकत नाहीत.

मात्र गंभीर होण्याचं खरं कारण पुरस्कार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याची आई गेली. गल्लीत शामियाना घालून, शवपेटी ठेवून, रीतीप्रमाणे नऊ दिवस माणसं येत-जात होती. शेवटच्या दिवशी चार शब्द बोलायला मिन्यो उभा राहिला. त्याने "माझी आई" एवढे दोन शब्द उच्चारले आणि समोरच्या तीन रांगा हसल्या. दुष्टपणाने नव्हे. दिरेक उभा राहिला की हसायचं, ही त्यांची सवय. आणि हसू ऐकलं की पुढचा विनोद टाकायचा, ही मिन्योची सवय. तो पंचवीस मिनिटं बोलला. लोक पोट धरधरून हसले. पाद्रीबाबांनी चष्मा पुसला. नंतर सगळ्यांनी हात दाबून सांगितलं, इतकी छान अंत्ययात्रा गावात झाली नाही. मिन्यो घरी आला आणि न्हाणीघरात नळ सोडून पाऊण तास बसला. फेलीने दार वाजवलं नाही.

तर आता राजधानीत लघुपटांची एक स्पर्धा होती. प्रवेशिका महिन्याअखेर पोचायला हवी होती. मिन्योने दहा मिनिटांचा सिनेमा योजला. पेटीत म्हातारी आई आहे. मुलगा येतो, शेजारी बसतो, म्हणतो, "आई, मी आलोय." संपलं. पीठ नाही, सासू नाही, कुणी पडत नाही.

"एक दिवसाचं काम," तो फेलीला म्हणाला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. फक्त तेबानला."

फेलीने चमचा खाली ठेवला. कुया तेबान, म्हणजे तेबानदादा, हा गल्लीतला न्हावी. त्याला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं होतं. दुपारी मिन्यो दाढीला बसला तेव्हा दुकानात आधीच चार माणसं सल्ले घेऊन तयार होती.

"दिरेक," तेबान वस्तरा पारजत म्हणाला, "शेवटी म्हातारी उठून बसली पाहिजे."

"कुणी उठून बसणार नाही."

"निदान शिंकली पाहिजे. नाकात फूल जातं, ती शिंकते, पाद्री पळतो."

"तेबान, हा गंभीर सिनेमा आहे."

"मग तर शिंक पाहिजेच. लोक तिष्ठत बसतील बिचारे."

गळ्यावर वस्तरा असताना कलेविषयी वाद घालता येत नाही. मिन्यो गप्प राहिला, आणि ती गंभीर होण्याची सुरुवात आहे असं त्याने मनाला समजावलं.

म्हातारीच्या भूमिकेसाठी त्याने तिया पुरिंगला, म्हणजे पुरिंगमावशीला, विचारलं. चौऱ्याहत्तर वर्षांची तिया पुरिंग त्याच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. गल्लीच्या तोंडाशी तिची पान्सितची गाडी होती. जाड शेवया, वर कालवं आणि झिंगे. तिने अटी घातल्या: बुधवारी नाही, कारण बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना. उशी हवी, कारण मान आखडते. आणि तोंडाला लाली हवी. "तुझ्या आईला लावली होती ती मातकट होती," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणणार होते, पण तू इतका हसवत होतास की राहून गेलं."

मिन्योने ही लाली वहीत टिपून घेतली. बाकीचं टिपलं नाही.

मग वस्तीच्या कचेरीतून परवाना. खिडकीत नेनिताबाई बसत. त्यांनी मिन्योला पाहिलं, आधी खुदकन हसल्या, मग कॉम्प्युटरवर टकटक करून कागद हातात ठेवला. कागदावर लिहिलं होतं: 'विनोदी चित्रीकरण'.

"बाई, हा विनोदी नाही."

"पण तुम्हीच आहात ना?"

"मीच आहे. सिनेमा गंभीर आहे."

नेनिताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दुरुस्तीला नवा अर्ज लागेल. त्यावर कॅप्टनची सही. कॅप्टन बास्केटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनाला गेलेत."

कॅप्टन म्हणजे वस्तीचा निवडून आलेला प्रमुख. तो तीन दिवस उद्घाटनच करत होता. चौथ्या दिवशी सापडला. सही करण्यापूर्वी त्याने विचारलं, "दिरेक, काही चुकलं का आमचं? रागावलात का लोकांवर?" मिन्योने रागावलो नाही असं दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना तो थोडा रागावला होता.

सही घेऊन तो पुन्हा खिडकीशी आला. आता शामियान्याचा प्रश्न निघाला. रस्त्यात शामियाना घालायचा तर कारण तीनपैकी एक लागतं: लग्न, वाढदिवस, मयत. चित्रीकरण यादीत नाही.

"मयत लिहा," मिन्यो म्हणाला.

"मयताचा दाखला?"

"अहो, मेलंय कोण?"

"तेच विचारतेय मी."

"तिया पुरिंग. पण ती मेलेली नाही. ती मेलेली दिसणार आहे."

"दिसण्याचा दाखला नसतो हो, दिरेक. त्यांचं लग्न लिहू का?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या खांद्यांना आचके बसू लागले होते. मिन्योला आपण काय दिसतोय हे मागे वळून न बघताही कळलं. असे प्रसंग त्याने आठ-दहा वेळा स्वतःच चित्रित केले होते आणि प्रत्येक वेळी खिडकीबाहेरच्या माणसाचे कान लाल दाखवले होते. त्याचे कान लाल झाले. शेवटी परवाना निघाला तो 'श्रीमती पुरिफिकासियोन यांचा वाढदिवस' या नावाने, म्हणजे तिया पुरिंगच्या कागदोपत्री नावाने, एकोणीस तारखेचा.

"एकोणीसच का?"

"बाकीच्या दिवशी नोंदण्या आहेत. एकोणीस कुणी घेत नाही."

कुणी का घेत नाही हे विचारायचं त्याच्याकडे बळ उरलं नव्हतं. ते घरी गेल्यावर फेलीने सांगितलं. मालाबोनमध्ये प्रत्येक घराच्या दारामागे भरती-ओहोटीचं कॅलेंडर असतं. तिने एकोणीसवर बोट ठेवलं. उधाण. सकाळी अकराला गल्लीत गुडघाभर पाणी.

"दहाला आटपतं माझं," मिन्यो म्हणाला. "एकच तर वाक्य आहे."

फेलीने पलंगाखालचे बूट उचलून कपाटावर ठेवले.

एकोणीसला सकाळी सहाला शामियाना लागला. पेटी ओळखीच्या एका दुकानात नमुना म्हणून ठेवलेली, एक दिवसाच्या बोलीवर आणलेली होती. पांढरी, चारी कोपऱ्यांना सोनेरी देवदूत, आणि ओरखडा पडता कामा नये अशी दुकानदाराची ताकीद. तिया पुरिंग आत आडवी होऊन म्हणाली, "छान आहे रे. पाठीला आराम पडतो." लाली तिच्या पसंतीची लागली होती. कॅमेरामन आर्सिंग हा मिन्योचा जुना साथीदार, याच गल्लीत वाढलेला. त्याने दिवे लावले. शेजारीपाजारी शोक करणारे म्हणून खुर्च्यांवर बसले. तेबानने काळा कोट घातला होता आणि कुणी विचारलं तर शिंकायची तयारी ठेवली होती.

फक्त मुलगा यायचा होता. मुलाच्या भूमिकेसाठी मिन्योने राजधानीतला एक नामांकित रंगभूमीवरचा नट ठरवला होता, ज्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच माणसाला आपल्या चुका आठवाव्यात असा.

साडेआठला नट आला नाही. त्याच्याऐवजी तिया पुरिंगची मैत्रीण तिया ल्युसिंग आली. शामियान्याच्या खांबाला नियमाप्रमाणे परवाना चिकटवला होता. त्यावर मैत्रिणीचा वाढदिवस असल्याचं वाचून ती केक घेऊन आत शिरली. तिने पेटीत पाहिलं. केक हातातच राहिला आणि ती हळूहळू खाली बसू लागली. फेलीने खुर्ची सरकवली म्हणून बरं.

"ल्युसिंग," पेटीतून आवाज आला, "मी आहे. सिनेमा आहे हा."

तिया ल्युसिंगला पाणी पाजलं, वारा घातला. तिया पुरिंग पेटीत उठून बसली आणि मैत्रिणीचा हात धरून पंधरा मिनिटं तिची समजूत घालत राहिली. तेबानने मिन्योकडे पाहिलं. 'बघा, उठून बसली,' असं तो तोंडाने म्हणाला नाही.

परवाना वाचून आणखी सहा जण आले. त्यांनी शेवयांची ताटं, फुगे आणि एक गाणारं कार्ड आणलं. आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायचं नाही, असं तिया पुरिंगने पेटीतून सांगितलं, आणि शोकसभा जेवू लागली.

सव्वादहाला नटाचा फोन आला. तो मुख्य रस्त्यावर होता. ड्रायव्हर म्हणत होता की पुढे पाणी दिसतंय, गाडी जाणार नाही. चालत यायला नट तयार होता, पण त्याच्या बुटांबद्दल तो काही बोलला, ते अर्धवट ऐकून मिन्योने फोन बंद केला.

गटारीच्या जाळीतून पाणी वर आलं होतं. आवाज न करता, रोजचा पाहुणा यावा तसं. खुर्च्यांवरच्या लोकांनी न बोलता चपला काढून मांडीवर घेतल्या.

"आता कोण?" आर्सिंगने विचारलं.

"तू बस," फेली नवऱ्याला म्हणाली.

"मी बसलो तर हसतील."

"हसू देत. वेळ किती आहे ते बघ."

मिन्यो पेटीशेजारच्या खुर्चीत बसला. पाणी घोट्याला लागलं. आर्सिंगने कॅमेरा चालू केला. समोर सगळे त्याच्याकडे टक लावून पाहत होते, आणि त्या चेहऱ्यांवर ते होतं जे त्याला दोन रांगांवरूनही ओळखू येई. हसू निघण्याच्या तयारीत होतं.

"आई," तो म्हणाला, आणि पेटी हलली.

पेटीखालच्या लाकडी घोडीचा एक पाय पाण्यात सरकला होता. पेटी तिरकी झाली, सोनेरी देवदूत पाण्याला टेकले, आणि तिया पुरिंग डोळे मिटूनच म्हणाली, "मिन्यो, मी चाललेय."

यावर कुणी हसलं नाही. मालाबोनमध्ये भरतीला जड सामान उचलण्यात हसण्यासारखं काही नसतं, महिन्यातून दोनदा फ्रिज उचलावाच लागतो. तेबान उठला, दोघे शेजारी उठले, आणि आर्सिंगने हातातला कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवून चौथा कोपरा धरला. "एक, दोन," तेबान म्हणाला. फेलीने विटा लावल्या. पेटी उंच झाली. सगळे आपापल्या जागी परत बसले, पाय पाण्यात, चपला मांडीवर. आर्सिंग धापा टाकत पेटीपाशीच थांबला. आता पुढे काय, अशा नजरेने सगळ्यांनी मिन्योकडे पाहिलं. फ्रिज उचलून झाल्यावर माणसं एकमेकांकडे पाहतात तशी ती नजर होती. त्यात कसलीही अपेक्षा नव्हती.

"आई, मी आलोय," मिन्यो म्हणाला.

वाक्य संपलं. सिनेमा संपला. पण तो उठला नाही.

"उशिरा आलो," तो म्हणाला. "फोन आला तेव्हा मी पिठाचा सीन घेत होतो. तो माणूस आठ वेळा पिंपात पडला होता आणि आठही वेळा चुकीचा पडला होता. एकदा टोपीच आत गेली, तो बाहेर राहिला."

दोन-तीन जण हसले. सीन सगळ्यांनी पाहिलेला होता.

"फोन आला, आईचं जास्त झालंय, लगेच ये. मी हो म्हटलं. आणि फोन ठेवून म्हटलं, अजून एकदा. नववा टेक. तोही चुकला. मग मी म्हटलं, अजून एकदा."

आता कुणी हसलं नाही. पाणी खुर्च्यांच्या पायांशी डुबुक डुबुक करत होतं.

"दहावा चांगला झाला, आई. तोच सिनेमात आहे. लोक अजून हसतात त्याला. मी आलो तेव्हा तू अर्ध्या तासापूर्वी गेली होतीस. आणि मला वाईट याचं वाटतं की तो टेक खरंच चांगला आहे. मी आजही बघतो तेव्हा मला वाटतं, बरं झालं घेतला."

तेव्हा त्याला रडू आलं. दिसायला ते फार चांगलं नव्हतं. नाक, खोकला, सगळं एकदम. फेली पाण्यातून चालत आली आणि खुर्चीच्या पाठीला हात धरून उभी राहिली. पेटीतल्या तिया पुरिंगच्या डोळ्यांतून पाणी निघून कानात गेलं, पण मेलेल्या माणसाने डोळे पुसायचे नसतात म्हणून ती तशीच पडून राहिली. नंतर आठवडाभर ती कान दुखतो म्हणून सांगत होती आणि औषध मिन्योने आणून द्यावं असा तिचा आग्रह होता.

कुणीही पडणार नाही असा सिनेमा करायला निघालेल्या माणसाने आर्सिंगकडे पाहिलं. "घेतलंस?"

आर्सिंगने टेबलाकडे पाहिलं. केकशेजारी, टेबलाच्या अगदी कडेला, कॅमेरा एका कुशीवर कलंडला होता. चालू होता. तोंड खाली जमिनीकडे होतं.

मिन्यो तीन दिवस आर्सिंगशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने चित्रीकरण लावून पाहिलं. अकरा मिनिटं पडद्यावर फक्त पावलं होती. टेबलाच्या कडेवरून दिसणारी चाळीसेक पावलं, आणि त्यांच्याभोवती हळूहळू चढणारं पाणी. आवाज मात्र स्वच्छ आला होता. मिन्योने हे पूर्ण पाहिलं आणि डोकं धरून बसला. फेली मागे भाजी निवडत होती.

"ही तेबानची," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "अंगठ्याला पट्टी आहे. ही माझी. इथे मी निघाले तुझ्याकडे यायला."

"फेली, तोंड एकाचंही दिसत नाही."

"नाही दिसत," ती म्हणाली. "पण तू 'दहावा चांगला झाला' म्हणालास ना, तेव्हा सगळे हलवत होते ते पाय थांबले. परत लाव."

त्याने परत लावलं. थांबले होते. चाळीसच्या चाळीस. तेवीस सिनेमांत इतकी माणसं इतक्या नेमक्या क्षणी एकदम थांबवणं त्याला जमलं नव्हतं, आणि इथे त्याने काहीच केलं नव्हतं. ही गोष्ट त्याच्या मनाला थोडी लागली. मग त्याने सुरुवातीचं उचलाउचलीचं थोडं कापलं, शेवटचं नाक शिंकरणं कापलं, फेलीच्या सांगण्यावरून नाक शिंकरणं परत घातलं आणि प्रवेशिका पाठवून दिली.

स्पर्धेत सिनेमा निवडला गेला नाही. परीक्षकांनी कळवलं की प्रयत्न प्रामाणिक आहे, परंतु पावलांचं प्रतीक पुरेसं स्पष्ट होत नाही. ते पत्र मिन्योने दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी वाचताना तो एकटाच हसला.

एका रविवारी दुपारी कॅप्टनने वस्तीच्या सभागृहात पडदे ओढून सिनेमा दाखवला. मिन्यो नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसला. प्रेक्षकांना बघायचं, ही त्याची जुनी पद्धत. सुरुवातीला लोक आपापली पावलं ओळखून हसले. कुणाचं कुरूप निघालं, कुणाचे मोजे विजोड निघाले. पिठाच्या पिंपाशी मोठा हशा झाला. मग तो हशा खाली बसला, आणि मिन्योने पाहिलं की नेनिताबाई आपल्या मांडीवरच्या पर्सकडे बघतायत, आणि कॅप्टनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आहे. दिवे लागले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं खुर्च्या आवाज न करता उचलून ठेवू लागली. तिया पुरिंग तेवढी म्हणाली, "लाली दिसलीच नाही."

मिन्यो बाहेर पडला तर तेबान दारात उभा. सल्ला ऐकायची तयारी करून मिन्यो थांबला.

"माझी आई धुरावलेले मासे विकायची," तेबान म्हणाला.

"माहितेय."

"नाही, ऐका." आणि तेबान बोलू लागला. आई कुठून मासे आणायची, कोणत्या लाकडाचा धूर लावायची, तिच्या केसांना वास कसा यायचा आणि लहानपणी त्याला त्याची लाज कशी वाटायची. गोष्टीला शेंडा नव्हता, बुडखा नव्हता. मध्येच एका चुलत्याचं प्रकरण आलं, ते कुठेच गेलं नाही. दिग्दर्शक म्हणून मिन्योने यातलं तीन-चतुर्थांश कापलं असतं. ऊन डोक्यावर आलं होतं, पाय दुखत होते. तो मान हलवत उभा राहिला.

"ती गेली तेव्हा मी दुकानात होतो," तेबान म्हणाला. "भाऊ धावत सांगायला आला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. अर्धी दाढी झाली होती."

"मग?"

"मग काय. उरलेली अर्धी केली." तेबान रस्त्याकडे बघत होता. "हात नीट चालला, दिरेक. एक ओरखडा नाही. तेच आठवतं मला. हात इतका नीट कसा चालला." त्याने कानशिलाशी बोट नेलं. "आणि तो गाढव उठून म्हणतो, कल्ला वाकडा झालाय."

मिन्योला हसू फुटलं. त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण आवरलं नाही. तेबानने आधी चमकून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याचेही खांदे हलायला लागले.

"होता का वाकडा?" मिन्योने डोळे पुसत विचारलं.

"होता थोडा," तेबान म्हणाला.